नेपाळी राखणदाराला रात्रभर बसवून ठेवलं, हे कायद्यात बसतं का?

हापूसवाला:
मंडळी एक विचारायचं होतं. आमच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं आहे, सहा वर्षं तीच दोघं, दिवाळीनंतर येतात नि पाऊस लागायच्या आधी गावी जातात. परवा रात्री साडेदहाला पोलिसांची गाडी आली, बांगलादेशी शोधतायत म्हणे. त्याने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नागरिकतेचा कागद काढून दाखवला तर साहेब म्हणाले हे आम्हाला वाचता येत नाही, आधार दाखव. अहो देवनागरीतच आहे ते! नेलं त्याला, दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं, नोंद कुठेच नाही. बायको रात्रभर पडवीत बसून, आणि सकाळी वानरांनी खालच्या चार कलमांची वाट लावली. मी सरकारविरोधी नाही, मतही त्यांनाच दिलंय, पण असं करता येतं का?

खाडीपलीकडचा:
दादा राग मानू नका पण तपासणी व्हायलाच हवी. १९९३ ला आरडीएक्स कुठे उतरलं? आपल्या शेखाडीला. २००८ ला कुबेर बोट पळवून मुंबईत घुसले. तेव्हापासून आम्ही मच्छीमार आपल्याच समुद्रात कार्ड दाखवतोय, तेव्हा कोणाला कायदा आठवला नाही. एक रात्र बसवलं तर काय आभाळ कोसळलं?

काळा_कोट:
तपासणी वेगळी, बसवून ठेवणं वेगळं. नेपाळशी १९५० चा करार आहे, त्यांना इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावाच नाही, आधारच्या कायद्यातच लिहिलंय, मग तो मागून काय मिळवलं देव जाणे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा नवीन कायदा आलाय, १९४६ चा गेला, पण मी परदेशी नाही हे ज्याचं त्यानेच सिद्ध करायचं ही गोष्ट तशीच ठेवलीय, म्हणजे पोलिसांचा हात वरच. तरी अटक केली तर कारण सांगायचं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं, घटनेचं कलम २२, ते परदेशी माणसालाही लागू. अटकही दाखवायची नाही नि घरीही सोडायचं नाही हा मधला प्रकार कोर्टात टिकत नाही.

वाडीतली_वहिनी:
सगळे पोलिसांवरच बोलतायत, मुळात नेपाळी का आले ते बघा की. १९९० ला रोहयोतून फळबाग योजना आली, कातळावर सुद्धा कलमं लागली, सरकारने खड्ड्यांचे पैसे दिले पण राखायला माणसं कुठून येणार हे कोणी विचारलं नाही. आमच्या वाडीत २२ घरं, ११ ना कुलूप, गणपतीत तेवढी उघडतात. माझा दीर मस्कतला आहे, खिशात बताका, म्हणजे तिथलं ओळखपत्र, नसला की त्याला घाम फुटतो. तेव्हा आपण म्हणतो अरब माजलेत.

खाडीपलीकडचा:
वहिनी तो व्हिसा घेऊन गेलाय, फरक आहे.

वाडीतली_वहिनी:
गेलाय घेऊन. संपल्यावर चार महिने तसाच राहिला होता ते तुम्हाला कोण सांगणार.

हापूसवाला:
सोमवारी परत बोलावलंय त्याला. नागरिकतेची झेरॉक्स पुरे की अजून काही? तो म्हणतोय पुढच्या वर्षी येणार नाही. आता आंबे काढायची घळ घेऊन कलमावर मी चढू होय?

काळा_कोट:
एकट्याला पाठवू नका, स्वतः जा. तुमचा अर्ज दोन प्रतीत न्या आणि एकीवर तारीख घालून पोच घ्या. शिक्का मारून.