करवत काठीच्या मागावर परत बसावे का?

प्रश्न : मोहाडीची नात

नमस्कार. माझे मूळ गाव भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात आहे. आजोबा करवत काठीच्या, म्हणजे काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेल्या, टसर (रानरेशमी) साड्या विणत असत; वडिलांनी नोकरी धरली आणि तो खड्ड्याचा माग (विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो हातमाग) सुटा होऊन सरपणाच्या खोलीत गेला. टेक्सटाईल डिझाईनचे शिक्षण पूर्ण करून मी दोन वर्षे पुण्यात नोकरी केली. आता गावी परतून, शेजारच्या विणकरांकडून नव्या रंगांच्या आणि नव्या नक्षीच्या ओढण्या विणून घ्याव्यात व त्या ऑनलाइन विकाव्यात, असा विचार आहे. घरात मात्र ‘शिकूनसवरून पुन्हा खड्ड्यातच पाय सोडणार का’ असा सूर आहे. सुरुवात कोठून करावी आणि पारंपरिक काठात किती बदल केलेला चालेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : जुना विणकर

बेटा, किती बदल चालेल हे कागदावर ठरत नाही, मागावर बसल्यावरच कळते. आपल्या साडीला तीन धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी साधने) लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. अंगाचा टसरचा बाणा (आडवा धागा) काठाच्या सुती बाण्यात जिथे गुंततो, ती जागा दर फेकीला थोडी थोडी सरकवत न्यावी लागते, तेव्हा कुठे करवतीचा दात उमटतो. एक फेक चुकली तरी दात बोथट दिसतो आणि तेवढे उकलून पुन्हा विणावे लागते. मागे शहरातल्या एका डिझायनरने संगणकावर काढलेला काठ माझ्याकडे पाठवला होता. दिसायला सुरेख होता, यात शंका नाही. पण एक वीत विणायला पूर्ण दिवस गेला आणि मजुरी मात्र नेहमीप्रमाणे नगावर ठरलेली होती. राग मानू नकोस, पण पहिले तीन महिने काहीही विकायला काढू नकोस. कांड्या भर (धोट्यातल्या नळ्यांवर धागा गुंडाळ), पांजण (उभ्या धाग्यांना खळ लावणे) कशी करतात ते पाहा, मग धोटा हातात घे. रंग हवे ते घे, काठ रुंद-अरुंद कर, तेवढे निभते. दाताची ठेवण मात्र स्वतः विणून पाहिल्याशिवाय बदलू नकोस.

उत्तर : नागपूरचा विक्रेता

करवत काठीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही पॉवरलूमच्या नकला त्याच नावाने सर्रास खपतात. ग्राहकाला कापडाची उलटी बाजू दाखवावी. हातमागावर अंगाचा धागा काठाच्या सांध्यापासून माघारी फिरतो. नकलेत तो काठातूनही आरपार जातो, त्यामुळे काठाचा रंग मळकट दिसतो. सांध्याचे जवळून काढलेले एक छायाचित्र टाकले, तर किमतीवरून होणारी निम्मी घासाघीस थांबते, असा माझा अनुभव आहे. मानांकनाचे नाव वापरायचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती आधी करून घ्यावी.

उत्तर : आरमोरीहून (जि. गडचिरोली)

धाग्याचा विचार मूळ प्रश्नात कोठेच दिसला नाही, म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे उघड्यावर वाढवतात आणि हे काम ढिवर समाज पिढ्यानपिढ्या करत आला आहे. पाखरे व मुंग्यांपासून किडे राखण्यासाठी माणसे जंगलातच मुक्कामाला असतात. पाऊस बिघडला की कोष कमी येतात आणि धाग्याचा भाव चढतो, त्यामुळे वर्षभराची किंमत आधीच जाहीर करून बसू नये. हाताने काढलेला कोसा (टसरचा धागा) जाडबारीक असतो. तो ताण्याला (उभ्या धाग्याला) नेटाचा पडत नाही, बाण्याला मात्र शोभून दिसतो. आणखी एक विनंती, पैसे रोख द्यावेत. गेल्या हंगामात एका खरेदीदाराने आमचे कोष उचलले आणि सहा महिने फिरवले.

मोहाडीची नात

सर्वांचे आभार. काल माग बाहेर काढला. दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या आहेत आणि फणी (बाणा ठोकून बसवणारी) गंजली आहे, पण तिन्ही धोटे शाबूत आहेत. काका, जोडणीसाठी सुतार पाहावा का?

जुना विणकर

सुतार नको, मी येतो. नवी फणी मात्र आणावी लागेल. तोवर खड्ड्यात ओल आहे का ते पाहा. असेल तर दोन दिवस शेगडी ठेवून सुकव.