राजापूर लोकसभा मतदारसंघ : 52 वर्षांत खरंच फक्त 4 खासदार?

कुडाळची_लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची कुडाळ तालुक्यातली, आता कामानिमित्त पुण्यात असते. माझी आजी 1946 ची. 2024 च्या लोकसभेला तिला मतदानाला घेऊन गेले तेव्हा ती सारखी "आपला राजापूर मतदारसंघ" म्हणत होती. मी म्हटलं आजी, आपला रत्नागिरी-सिंधुदुर्ग, राजापूर तर तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात. तर म्हणाली तुला काय माहीत, मी पहिलं मत 1967 ला बॅ. नाथ पैंना दिलंय, राजापूरलाच. मग घरी आल्यावर तिने एकेक नाव सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं तर नाथ पै, दंडवते, सुधीर सावंत, सुरेश प्रभू एवढीच चार नावं झाली. 1957 ते 2009 मध्ये फक्त चार माणसं, हे खरंच शक्य आहे का की आजी कोणाला तरी विसरतेय? आणि इतकी वर्षं समाजवाद्यांना निवडून देणारी आमची माणसं 1991 नंतर एकदम शिवसेनेकडे कशी गेली? जाणकारांनी प्लीज सविस्तर सांगा, आजी अजून बोलती आहे तोवर मला हे सगळं नीट लिहून ठेवायचंय.

देवगडकर

ताई, आजीची आठवण एकदम पक्की आहे, कोणीही सुटलेलं नाही. नाथ पै 1957, 62, 67 असे तीनदा. मधु दंडवते 1971, 77, 80, 84, 89 असे पाच वेळा. 1991 ला काँग्रेसचे सुधीर सावंत एकदा आणि मग शिवसेनेचे सुरेश प्रभू 1996, 98, 99, 2004. तेरा निवडणुका, चार खासदार.

नावाचं म्हणाल तर सिंधुदुर्ग जिल्हाच मुळी 1 मे 1981 चा, त्याआधी सगळा एकच रत्नागिरी जिल्हा होता. त्यात लोकसभेच्या दोन जागा, वरची रत्नागिरी आणि खालची राजापूर, आपण सगळे कुडाळ मालवण सावंतवाडीवाले राजापुरात. पुढे 2008 च्या पुनर्रचनेत राजापूर हे लोकसभेचं नाव गेलं. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून आताचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला आणि दापोली-गुहागर रायगडला जोडले.

नाथ पैंबद्दल थोडं लिहितोच, राहवत नाही. वेंगुर्ल्याचा माणूस, प्रजासमाजवादी पक्षाचा (प्रसपा), वय पस्तीससुद्धा नव्हतं तेव्हा संसदेत गेला आणि अख्खं सभागृह त्यांचं भाषण ऐकायला थांबायचं. 1967 ला गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूलभूत हक्कांना संसदेने हात लावायचा नाही, तेव्हा संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळावा म्हणून खासगी विधेयक आणलं ते यांनी, आपल्या राजापूरच्या खासदाराने. 18 जानेवारी 1971 ला बेळगावात वारले, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. लोकसभा त्याआधीच डिसेंबरात बरखास्त झाली होती त्यामुळे पोटनिवडणुकीचा प्रश्न आला नाही, मार्चच्या निवडणुकीत त्यांच्या जागी दंडवते उभे राहिले. आणि ते साल इंदिराबाईंच्या लाटेचं, देशभरात प्रसपाचे मोजून दोन खासदार निवडून आले, त्यातला एक आपण दिला!

परळचा_चाकरमानी

देवगडकरांनी छान लिहिलंय. 1991 चं मी माझ्या डोळ्याने बघितलंय म्हणून सांगतो.

दंडवते नगरचे, कोकणातले नव्हेत, तरी लोकांनी घरचा मानला. आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते, बाहेर आले आणि जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले, सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम त्यांनीच आणला. माझे वडील गिरणीत होते, ते गादीच्या बर्थवर पहिल्यांदा झोपले तेव्हा हाताने चाचपून म्हणाले, "हे आमच्या खासदारान केल्यान." 1984 ला इंदिराजींच्या हत्येनंतर विरोधक भुईसपाट झाले तेव्हाही राजापूरने दंडवत्यांनाच पाठवलं.

मग 91 ला का पडले? कामं केली नाहीत असं म्हणणारा भेटला तर मला भांडायला येईल. 1990 ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं तेव्हा अर्थमंत्री दंडवते आणि रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, त्या जोडीशिवाय हा मार्ग झालाच नसता. पण निवडणूक आली तेव्हा डोंगर फोडायचं काम चालू होतं, गाडी पूर्ण मार्गावर धावली 26 जानेवारी 1998 ला. ज्याने रेल्वे आणली त्याला रेल्वे यायच्या आधी पाडलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझं मत असं की खरी गोष्ट गावात घडलीच नाही, ती लालबाग परळला घडली. आमच्याकडे घर चालायचं मनीऑर्डरवर आणि गणपतीला शिमग्याला मुंबईकर आला की कोणाला मत द्यायचं त्याची चर्चा पडवीत व्हायची. बापाची पिढी युनियनवाली, समाजवाद्यांना मानणारी. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्या बसल्या, युनियन संपली, आणि मुलं संध्याकाळी जायची कुठे तर शिवसेनेच्या शाखेत. तीच मुलं गावी येताना भगवा घेऊन आली. 1990 च्या विधानसभेलाच सेनेने सिंधुदुर्गात पाय रोवले, नारायण राणे तेव्हाच पहिल्यांदा आमदार झाले. 91 चं एक साल काँग्रेसला मिळालं, राजीव गांधींची हत्या त्याच निवडणुकीत झाली होती आणि महाराष्ट्रात काँग्रेसला 48 पैकी 38 जागा होत्या. 96 पासून मात्र सरळ सेना.

सह्याद्री_पायथा

चाकरमानी दादांशी बराचसा सहमत, पण सगळं मुंबईवर टाकू नका. आमच्याकडे पक्षापेक्षा माणूस बघतात. प्रभूंना मत देणारे कितीतरी जण आधी दंडवत्यांचेच होते, शिकलेला, स्वच्छ, दिल्लीत बोलणारा माणूस हवा एवढाच हिशोब. वाजपेयींच्या काळात ऊर्जामंत्री म्हणून त्यांनी चांगलं काम केलं. आणि तरी 2009 ला नीलेश राणेंनी काँग्रेसकडून त्यांना साधारण 46 हजारांनी हरवलं. कारण 2005 ला त्यांचे वडील नारायण राणे सेना सोडून काँग्रेसमध्ये गेले तेव्हा गावोगावचे कार्यकर्तेही त्यांच्याबरोबर गेले होते, तिथून पुढे आमच्याकडे निवडणूक म्हणजे राणेंच्या बाजूने की विरोधात एवढंच उरलं. 2014 ला शिवसेनेचे विनायक राऊत दीड लाखाने जिंकले, 2019 ला पावणेदोन लाखाच्या वर, आणि 2024 ला स्वतः नारायण राणे भाजपकडून 47,858 मतांनी. त्यातही सिंधुदुर्गातल्या तिन्ही विधानसभांनी राणेंना लीड दिला आणि रत्नागिरीकडच्या तिन्हींनी राऊतांना. म्हणजे 2008 ला जोडलं तरी दोन जिल्हे अजून वेगवेगळेच मत देतात, मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

अजून एक, 2024 ला "कोकणात पहिल्यांदा कमळ" असं सगळीकडे चाललं होतं. चिन्ह म्हणून ठीक, पण 1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेजारच्या रत्नागिरीतून जनसंघाचे, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचे, प्रेमजीभाई आशर निवडून आले होते, देशात जनसंघाचे फक्त चार खासदार होते तेव्हा. हे आपल्याकडे फार कोणी सांगत नाही.

कुडाळची_लेक

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, काल रात्री फोनवर आजीला तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. फोमचं ऐकून ती गप्प झाली. मग सांगायला लागली की दंडवत्यांची निशाणी आधी झोपडी, मग चक्रातला नांगरधारी शेतकरी, मग नुसतं चक्र, दर वेळी आजोबा मतदानाच्या आदल्या रात्री चुलीच्या कोळशाने खळ्याच्या कडेला निशाणी काढून दाखवायचे कारण तिला तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि म्हणायचे निशाणी बदलली तरी माणूस तोच आहे, बघून शिक्का मार. 1991 ला आजोबा नव्हते. त्या साली तिने कोणाला मत दिलं ते विचारलं तर म्हणाली, चक्रालाच, निशाणी पाठ होती.

देवगडकर, नाथ पैंच्या प्रचारसभा कुडाळात कुठे व्हायच्या हे तुमच्याकडे कोणी जुनं माणूस सांगेल का? आजीला जागा आठवत नाहीये, फक्त गॅसबत्त्या आठवतात.