मार्थाचं काम चुकीचं नव्हतं

ताई, नोकरी आणि घर सांभाळताना मन प्रभूकडे टिकत नाही असं तुम्ही लिहिलंत, त्यावर "संसारातून लक्ष काढा" असा सल्ला आला. मला तो पटत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात मार्था घरी आलेल्या येशूच्या पाहुणचारात गढलेली असते, तिची बहीण मात्र त्याचं बोलणं ऐकत बसते. येशू मार्थाला पाहुणचाराबद्दल बोल लावत नाही. तिच्या जिवाची चाललेली घालमेल तिला दाखवतो. 17व्या शतकातले ब्रदर लॉरेन्स तर पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात राबत आणि तिथल्या गडबडीतच देवाशी बोलत.

संत ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात इजिप्तमधल्या संन्यासी बंधूंची रीत सांगितली आहे: प्रार्थना अगदी छोट्या, पण वारंवार. लांबवल्या की लक्ष बोथट होतं. हे खरोखर करून बघा. फोन वाजला की उचलण्याआधी "प्रभू, दया कर", एवढंच.

सकाळी मात्र स्तोत्र वाचून होईपर्यंत फोन दुसऱ्या खोलीतच राहू द्या. एकदा का मेसेज पाहिला, की ओठ स्तोत्र म्हणत राहतात आणि मन उत्तर जुळवत बसतं (माझं तरी हमखास). मन भरकटलंच तर स्वतःला दूषणं देऊ नका, त्यातच उरलेला वेळ जातो. जिथे सुटलं त्या ओळीपासून पुन्हा वाचा.