घराचं नेट एकाच माणसाच्या खिशात असावं का?

उंबरठा

आठ महिन्यांपूर्वी घरातली ब्रॉडबँडची जोडणी बंद केली. राउटर खोक्यात घालून कपाटात ठेवला. तेव्हापासून माझा फोन हाच घराचा राउटर. त्यातला हॉटस्पॉट चालू केला की फोनचं नेट वायफायवरून बाकीच्यांना मिळतं. यावरून इतकं ऐकून घेतलंय की एकदा नीट मांडावं असं वाटलं, म्हणून हा चर्चेचा धागा. घरात मी, बायको आणि बाबा. माणसं तीन-चार असतील आणि फोनला घरात चांगली रेंज असेल, तर वेगळ्या वायरची गरज आता उरलेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

वायरवरचं नेट गेलं की आपण काय करतो? तक्रार नोंदवतो, माणूस कधी येतो याची वाट बघतो आणि तोवर हॉटस्पॉट चालू करतो. अडीनडीला जो चालतो, तो रोज का चालू नये? वीज गेली की राउटर डोळे मिटतो, फोन जागा असतो. प्रवासाला निघालो की नेट बरोबर येतं. ही सोय काही कालची नाही. अँड्रॉइडमध्ये २०१० साली २.२ या आवृत्तीत ती आली, आयफोनमध्ये २०११ साली ४.३ मध्ये. तेव्हा थ्रीजी होतं, चारजण जोडले की सगळंच रांगायचं. फोरजी आल्यापासून ती तक्रार राहिली नाही.

एक ठेच लागली, ती सांगतो. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी तीन जीबी डेटा गेला आणि मी तर नुसती मेल बघत होतो. शोधल्यावर कळलं की लॅपटॉप आपला अपडेट उतरवत बसला होता. त्याच्या लेखी फोनचा हॉटस्पॉट आणि घरचं वायफाय एकच. विंडोजमध्ये त्या जोडणीवर 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायची, अशी खूण केली, आयपॅडवर 'लो डेटा मोड' लावला आणि गळती थांबली.

विरोधी मतं ऐकायची आहेत. फक्त 'बॅटरी खराब होते' एवढंच सांगू नका, ते ठाऊक आहे.

तारायंत्र

ठाऊक आहे म्हणता, पण किती खराब होते ते बघितलंय का? हॉटस्पॉट चालू असताना फोनचे दोन रेडिओ एकदम राबतात. एक टॉवरशी बोलतो, दुसरा तुमच्या लॅपटॉपशी. रेंज कमी असली की टॉवरपर्यंत आवाज पोचवायला फोन जास्त जोर लावतो आणि आणखी तापतो. त्यात तो दिवसभर चार्जरला. म्हणजे बॅटरी काठोकाठ भरलेली आणि वर गरम. लिथियम-आयन बॅटरीला याच दोन गोष्टी सोसत नाहीत. आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू साठतो आणि बॅटरी फुगते.

माझ्या फोनचं हेच झालं. टेबलावर ठेवला तर एका कोपऱ्यावर डुगडुगायला लागला. मला वाटलं कव्हर वाकलंय. कव्हर काढलं तर मागचं झाकण कडेने उचललेलं, नख आत जाईल एवढी फट. दुरुस्ती करणाऱ्याने उघडून दाखवलं तेव्हा बॅटरी उशीसारखी टम्म झाली होती. त्या अवस्थेत मी तो फोन रात्री उशाशी चार्जिंगला लावत होतो. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

आणि डेटाचा हिशोबही मांडा. गटातल्या व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी जातो, एचडी सिनेमाला तासाला तीनच्या आसपास. घरात एक टीव्ही जोडलात की तुमचं सगळं गणित कोसळतं. शिवाय 'अमर्याद' लिहिलेल्या काही प्लॅनमध्ये हॉटस्पॉटची मर्यादा निराळी असते. कंपनीला कळतं कसं, असं अनेकजण विचारतात. नेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जाते. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो, वाटेतलं प्रत्येक यंत्र तो एकाने कमी करतं. फोनमधून निघालेलं पॅकेट बहुधा ६४ घेऊन निघतं. लॅपटॉपचं पॅकेट फोनमधून गेलं की ६३ होतं, विंडोजचं १२८ चं १२७. एवढा मागमूस पुरतो.

खिडकीपाशी

मी उंबरठा यांच्या बाजूची. एकटी राहते, वर्षा-दीड वर्षाने खोली बदलते. दर वेळी वायर घ्या, करार करा, निघताना तो मोडा, हे मला परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही.

तारायंत्र, तुम्ही सांगितलेली उष्णता खरी आहे, पण त्यातली बरीचशी टाळता येते. मी वायफाय हॉटस्पॉट लावतच नाही. यूएसबी केबलने फोन लॅपटॉपला जोडते आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करते. वायफायचा रेडिओ बंद राहतो आणि फोन हळूहळू चार्जही होत राहतो. शेजारच्या दहा वायफायच्या गर्दीतून वाट काढावी लागत नाही, त्यामुळे मीटिंगमध्ये आवाज तुटत नाही. नुसतं मेल-चॅट असेल तर ब्लूटूथवरही भागतं. वेग फारच कमी, पण बॅटरी टिकते.

जागेनेही फार फरक पडतो. माझ्या टेबलावर रेंजची एक रेघ येते, दोन पावलं पलीकडे खिडकीच्या कट्ट्यावर चार. मी फोन कट्ट्यावर सावलीत पालथा ठेवते आणि लांब केबल वापरते. वायफायच लावायचं असेल तर सेटिंगमध्ये त्याची लहर निवडता येते: एकाच खोलीत ५ गिगाहर्ट्झ ठेवा, भिंतीपलीकडे हवं असेल तर २.४. आयफोन १२ पासून पुढच्या फोनवर 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू केलं की तो २.४ वर येतो. अनेकांचा जुना लॅपटॉप आयफोनचा हॉटस्पॉट दाखवत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

सांजवात

सगळे बॅटरी आणि जीबी बोलताय. मला निराळं सांगायचंय. धाग्याच्या नावातच प्रश्न आहे, पण त्याला अजून कोणी हात घातलेला नाही.

आमच्याकडे दीड वर्ष ह्यांच्या फोनवर घर चाललं. हे साडेनऊला बाहेर पडले की घरातलं नेट संपलं. मला माझा फोन होता, माझं भागायचं. सासूबाईंकडे फक्त टॅब. बहिणीशी व्हिडिओवर बोलणं हा त्यांचा दिवसातला एकमेव विरंगुळा. संध्याकाळी हे आले की त्या टॅब मांडीवर घेऊन बसायच्या, पण 'लाव रे' म्हणायच्या नाहीत. ह्यांचं चहापाणी होईपर्यंत गप्प थांबायच्या. तोवर बहिणीची झोपायची वेळ झालेली असायची.

मग मुलीची ऑनलाइन मुलाखत. सुट्टीचा दिवस, हे घरीच, फोन तिच्या टेबलावर. मुलाखत रंगात आलेली आणि ह्यांच्या दुसऱ्या सिमवर फोन वाजला. ह्यांनी सवयीने उचलला. समोरच्या बाईंचा चेहरा पडद्यावर थिजला. मुलगी हातवारे करतेय, ह्यांना वाटलं आवाजाचा त्रास होतोय, म्हणून शहाण्या माणसासारखे फोन कानाला लावून जिन्यात गेले. फोनबरोबर नेटही जिन्यात गेलं. मी धावत जाऊन फोन आणला, तरी सगळं पुन्हा जोडेपर्यंत चार मिनिटं गेली. त्या लोकांनी समजून घेतलं, मुलाखत पुरी झाली. पण त्या चार मिनिटांत तिच्या हाताला सुटलेली थरथर मी बघितली आहे.

कोणाचाच दोष नव्हता, हे मुद्दाम सांगते. पण ज्या घरात तिघांना नेटसाठी चौथ्याच्या येण्या-जाण्याकडे डोळे लावून बसावं लागतं, तिथे ते नेट घराचं नसतंच. पाण्याचा नळ कोणी खिशात घालून कामाला जातं का?

कुलूपकिल्ली

एक सुरक्षेचा मुद्दा, तो दोन्ही बाजूंना लागू आहे. बाहेर असताना कुठल्याही अनोळखी खुल्या वायफायपेक्षा स्वतःचा हॉटस्पॉट केव्हाही बरा, याबद्दल दुमत नाही. पण पासवर्ड स्वतः ठरवा. २०१३ साली जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं होतं की आयफोन स्वतःहून सुचवत असलेला हॉटस्पॉटचा पासवर्ड एका छोट्या यादीतला शब्द आणि पुढे चार आकडे असा बनत होता. यादीत शब्द होते जेमतेम १,८४२. तो ओळखून काढायला त्यांना मिनिटही लागलं नाही. आता ती पद्धत बदलली आहे, पण आपण हौसेने ठेवलेले 'नाव१२३४' छाप पासवर्ड त्याहून दुबळे असतात.

फोनच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ हा वायफायच्या सुरक्षेचा प्रकार दिसत असेल तर तो निवडा. जुनं उपकरण जोडलं गेलं नाही तर डब्ल्यूपीए२. हॉटस्पॉटला स्वतःचं नाव देऊ नका, ते आसपासच्या प्रत्येकाला दिसतं. आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसाला 'दोन मिनिटं द्या' म्हणून नेट दिलंत, तर त्या दोन मिनिटांत त्याने जे काही केलं ते बाहेरून तुमच्या सिमवरून केलेलं दिसतं. दिलंत तर नंतर पासवर्ड बदला. त्याच्या फोनने तो लक्षात ठेवलेला असतो.

उंबरठा

सांजवात ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण तुमच्या घरी जे घडलं त्याचा दोष हॉटस्पॉटला देता येईल का? दुसऱ्या सिमवर फोन आला, एवढाच तो अपघात. ज्या सिमवर डेटा चालू आहे त्यावरच फोन आला असता तर व्होल्टीमुळे, म्हणजे बोलणंही फोरजीवरूनच होत असल्यामुळे, नेट चालू राहिलं असतं. आणि आजकाल प्रत्येकाकडे आपापला डेटा असतोच की.

तारायंत्र

व्होल्टीचं बरोबर आहे. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्याचा डेटा थांबतो. काही फोनमध्ये बोलण्यापुरता डेटा त्या सिमवर वळवण्याचं सेटिंग असतं, आयफोनमध्येही आहे. पण फोन घेऊन जिन्यात जाणाऱ्या माणसाला कुठलं सेटिंग थांबवणार?

सांजवात

'प्रत्येकाकडे' नसतो, उंबरठा. सासूबाईंकडे नव्हता, हे मी वर लिहिलंय. ज्यांच्याकडे असतो तेच धागे काढतात आणि प्रतिसाद देतात. तुमच्या बाबांकडे आहे का?

पाऊलवाट

थोडं विषयांतर. घरातल्या कॅमेऱ्यात बाहेरून डोकावायचं असेल, तर मोबाइल नेटवर्कवर बहुधा थेट पोचता येत नाही, कारण कंपनी हजारो ग्राहकांना नेटवरच्या एकाच पत्त्यामागे ठेवते. पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडण्याच्या खटपटीत माझी एक अख्खी सुट्टी गेली, म्हणून सांगतोय. पण याचं पाप एकट्या हॉटस्पॉटच्या माथी मारू नका, अनेक ब्रॉडबँडवाले तेच करतात. कॅमेरा स्वतःच्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणारा असेल तर ही अडचण येत नाही.

खिडकीपाशी

सांजवात ताईंचं दुखणं पटलं. पण त्यावर वायर हाच उपाय आहे असं नाही. एखादा जुना फोन, त्यात वेगळं सिम, आणि तो घरातून कधीच हलवायचा नाही.

सांजवात

चालेल. माझं भांडण वायरसाठी नव्हतंच.

तारायंत्र

मला नाही चालणार. चोवीस तास चार्जरवर राहणारा फोन हा मी वर सांगितलेला धोकाच आहे, आणि जुना असेल तर दुप्पट. त्यापेक्षा सिम घालायचा राउटर घ्या. तो याच कामासाठी बनवलेला असतो. घरात ठेवायच्या राउटरमध्ये सहसा फुगायला बॅटरीच नसते. लॅन केबलची खाच असते, काहींना बाहेरून अँटेनाही लावता येतो. जुना फोनच वापरणार असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा, नव्यातल्या बऱ्याच फोनमध्ये असते. कव्हर काढून ठेवा. झाकण जरासुद्धा उचललेलं दिसलं तर तो फोन चार्जरला लावूच नका.

उंबरठा

दोन दिवसांनी लिहितोय. सांजवात ताईंनी विचारलं होतं म्हणून बाबांना विचारलं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, वर्तमानपत्र ते टॅबवर वाचतात. म्हणाले, 'तू गेलास की वाचायचं राहतं, रात्री वाचतो, काही बिघडत नाही.' आठ महिन्यांत मला हे एकदाही कळलं नव्हतं. सकाळचं वर्तमानपत्र हातात असल्याशिवाय मी त्यांना लहानपणापासून कधी पाहिलेलं नाही.

सिमचा राउटर मागवला आहे. वायर अजूनही घेणार नाही, ते मत कायम आहे. माझ्या फोनवरचा हॉटस्पॉट मात्र आता बाहेरच्या कामापुरता.

सांजवात

राउटर बाबांच्या खोलीत ठेवा. आणि पासवर्ड त्यांना ठरवू द्या.