प्रति: व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून) फ्लाइट सिमसाठी, म्हणजे विमान उडवायच्या गेमसाठी, रेडीमेड पीसी

तुम्ही बघताय तो इंटेल आय९ प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डवाला सेट मॉनिटरवर मस्त पळेल हो, पण व्हीआरला ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी) म्हणजे अवघडच. क्वेस्ट ३ हेडसेट धरला तर एकेका डोळ्यालाच २०६४ x २२०८ पिक्सेल, त्यात मुंबईसारख्या दाट शहरावरून उतरायला लागलात की मेमरी भरते आणि मान वळवली की चित्र अडखळतं, मग मळमळ सुरू. १६ जीबीचं कार्ड बघा, ४०७० टीआय सुपर वगैरे. आणि आय९ च्या नावाला भुलू नका, मायक्रोसॉफ्टचा सिम बराचसा एकाच मेन थ्रेडवर (एकामागून एक होणाऱ्या कामांच्या मुख्य रांगेवर) अडतो, तिथे कोअर जास्त असून फार फायदा नाही, रायझन ७८००एक्स३डी प्रोसेसरचा ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) खरा कामाला येतो.

रेडीमेडमध्ये दुकानदार काटछाट करतात ती पॉवर सप्लाय आणि रॅममध्ये. भाच्याच्या सेटची काच काढून बघितली तर ३२ जीबीची एकच स्टिक, शेजारचा स्लॉट रिकामा! म्हणजे सिंगल चॅनेल, दोन स्टिक जोडीने चालतात त्यापेक्षा रॅम हळू. बिलावर १६ च्या दोन लिहून घ्या, सप्लायची कंपनी-मॉडेलपण. हेडसेटवर ९० हर्ट्झच्या (सेकंदाला ९० चित्रं) मागे लागू नका, ७२ वर सेट करा, कॉकपिटमध्ये बसून तेवढं पुरतं. हेडसेट घेतलाय का आधीच?