घाटासाठी पुढे एकच चकती पुरते का?

घाटवाट:
गेल्या महिन्यात मावसभावासोबत एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) बघायला दुकानात गेलो होतो. दुकानदाराने किंमत सांगायच्या आधी सांगितलं, "एकवीस गिअर आहेत." भाऊ तिथेच विरघळला. घरी येऊन मी त्या एकवीस गिअरचा हिशेब मांडला, आणि तेव्हापासून हा विषय इथे काढायचं मनात आहे.

त्या सायकलला पुढे पायडलपाशी ४२, ३४ आणि २४ दातांच्या तीन चकत्या. मागच्या चाकाला १४ ते २८ दातांच्या सात. पुढचे दात भागिले मागचे दात असं करत गेलं की ४२-२८ या जोडीचं उत्तर १.५ येतं, आणि २४-१६ चंही १.५ च. ३४-२० ला १.७, २४-१४ ला १.७१. अशी जुळी बाजूला काढली की एकविसातून वेगळे म्हणावेत असे चौदा उरतात. सगळ्यात जड गिअर ३ आणि सगळ्यात हलका ०.८६, म्हणजे पल्ला साडेतीन पट. आता पुढे एकच चकती ठेवा आणि मागे ११ ते ४२ दातांची नऊ चकत्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावा. पल्ला ३.८ पट! पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग), त्याची केबल, डावा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आणि दोन चकत्या काढून टाकल्या, तरी पल्ला वाढलाच.

सिंहगड चढताना माझ्या जुन्या ट्रिपलवर, म्हणजे पुढे तीन चकत्यांच्या सायकलवर, नेहमी एकच गोष्ट व्हायची. वळण संपून चढ एकदम उभा राहायचा. मधल्या चकतीवरून लहान चकतीवर यायला जावं तर पायांवर पूर्ण जोर, आणि त्या जोरात चेन एकतर उतरायची नाही, नाहीतर लहान चकती चुकवून आत फ्रेमवर पडायची. मग उतरा, हात काळे करा, आणि उभ्या चढावर पुन्हा सायकल सुरू करा. पुढे एक चकती आली तसा हा प्रकार थांबला. तिचे दात एक जाड, एक बारीक असे असतात, त्यामुळे चेन धरून राहते. मागच्या डिरेलरमधला क्लच चेन ताणलेली ठेवतो.

हे २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने एक्सएक्स-१ हा एका चकतीचा गिअरसंच काढला तेव्हा फक्त शर्यतीवाल्यांना परवडणारं होतं. २०१६ ला मागे बारा चकत्या आणि १०-५० आलं, २०१८ ला शिमानोने आपल्या महागड्या एक्सटीआर संचात १०-५१ दिलं, आणि २०२० मध्ये तेच त्यांच्या स्वस्तातल्या डिओरपर्यंत उतरलं. आता आपल्यासारख्यांनी दोन-तीन चकत्यांच्या मागे का लागावं? माझं स्पष्ट मत: सह्याद्रीत सायकल चालवायची तर पुढे एकच.

दूरचा पल्ला:
घाटवाट, हिशेब चांगला मांडलात, पण अर्धाच मांडलात. चाक विसरलात.

भावाची ती सायकल २६ इंची असेल तर चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. २४-२८ वर पायडलच्या एका फेऱ्यात ती १.७७ मीटर पुढे जाते. तुमची एका चकतीची सायकल बहुतेक २९ इंची, घेर २.३ मीटरच्या आसपास. पुढे ३२ आणि मागे ४२ धरले तर एका फेऱ्यात १.७५ मीटर. म्हणजे चढावर हाती काय आलं? दोन सेंटिमीटर.

आणि तुलना स्वस्तातल्या एकवीस गिअरशी का करायची? चांगली ट्रिपल घ्या. पुढे ४४-३२-२२, मागे ११-३४ च्या नऊ. पल्ला सहा पटींच्या वर, तुमच्या १०-५१ चा ५.१ पट. २६ इंची चाकावर तिचा सगळ्यात हलका गिअर १.३४ मीटरचा. दहा टक्के चढ, स्वार आणि सायकल मिळून ९० किलो, मिनिटाला ६० फेरे धरा. १.७५ मीटरच्या गिअरला साधारण १७० वॅट लागतात, १.३४ ला १३०. मी ५६ वर्षांचा आहे. हे चाळीस वॅट माझ्या गुडघ्यातून जातात, आणि सामान लादलेलं असेल तर फरक आणखी वाढतो.

दुसरं म्हणजे वाट. मी पुणे ते गोवा किनाऱ्याच्या रस्त्याने तीनदा गेलोय. दुसऱ्या वेळी दापोलीच्या पुढे चेन तुटली. गावातल्या सायकलवाल्याकडे सात-आठ गिअरची चेन लटकत होती, पाऊण तासात मी पुन्हा रस्त्यावर. बारा चकत्यांची बारीक चेन त्याने कुठून दिली असती?

टेकडीवरची:
मी घाटवाट यांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. मी मुख्यतः वेताळ टेकडीवर चालवते. तिथे मोठा घाट नाही. मुरूम, सुटे दगड, वीस सेकंदांचा उभा चढ, लगेच उतार, पुन्हा चढ, असं चालतं. दोन्ही हातांनी दोन शिफ्टर सांभाळत "आता पुढचा बदलू की मागचा" हा विचार करायला तिथे वेळच मिळत नाही. एका अंगठ्याने एकच काम, त्यामुळे नजर वाटेवर राहते. डाव्या अंगठ्याला सीट खाली-वर करणारा खटका लावता येतो, आणि उतारावर त्याचा उपयोग जड गिअरपेक्षा कितीतरी जास्त.

दूरचा पल्ला, तुमचं चाकाचं गणित मात्र मान्य. माझी सायकल पुढे ३२ ची चकती घेऊन आली होती आणि मी दोन महिने उगाच दम काढला. माझं वजन ५२ किलो. चकती बदलून २८ ची बसवली आणि सायकल माझी झाली. सायकल विकताना अंगापिंडाने मोठा माणूस डोळ्यांसमोर ठेवून दात ठरवलेले असतात. पुढची चकती बदलता येते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

चेनतेल:
माझा दुरुस्तीचा व्यवसाय आहे, रोज हात यातच असतात. एकच चकती वाईट नाही. पण जुन्या सायकलवर ती बसवायचा हट्ट घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवतो, त्याचं कारण सांगतो.

आपल्याकडच्या कमी किमतीच्या बहुतेक एमटीबींना मागे कॅसेट नसतेच, फ्रीव्हील असतं, म्हणजे हबवर (चाकाच्या मध्यभागावर) आट्याने घट्ट बसवलेला चकत्यांचा गठ्ठा. त्यावर नऊ-दहा चकत्यांची कॅसेट चढत नाही. हब बदला, म्हणजे चाक नव्याने बांधा. मग डिरेलर, शिफ्टर, चेन. बेरीज केली की सायकलीच्या किमतीशी बरोबरी होते. कॅसेट असली तरी पेच आहे: साध्या एचजी फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते तो) ११ दातांपेक्षा लहान चकती बसत नाही. १० दातांसाठी एक्सडी किंवा मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब हवा.

झिजेचंही बोलू. अकरा-बारा चकत्यांची चेन मोजपट्टीवर अर्धा टक्का ताणली की बदलायची, दहापर्यंत पाऊण टक्का चालतो. पावसाळ्यात चिखल-वाळूत चालवून चेन न धुणाऱ्यांची बारीक चेन एका मोसमात जाते, आणि वेळेत बदलली नाही तर महागडी कॅसेटही सोबत घेऊन जाते. शिमानोने २०२३ मध्ये क्यूज हा गिअरसंच काढला, त्यातल्या लिंकग्लाइड कॅसेटचे दात जाड आहेत. कंपनीचा दावा तिप्पट टिकण्याचा. त्यातही बरी गोष्ट ही की ती साध्या एचजी फ्रीहबवर बसते. नवी घेणाऱ्याला मी सध्या हेच सुचवतो: नऊ किंवा दहा चकत्या, पुढे एक. बारा नको.

लालमाती:
चिपळूणहून. जून ते सप्टेंबर इथली माती सायकलला लिंपल्यासारखी बसते. माझ्याकडे आधी डबल (पुढे दोन चकत्यांची) होती. कुंभार्ली घाटाखालच्या आडवाटांवर पुढच्या डिरेलरचा पिंजरा आणि टायर यांच्यातली फट चिखलाने भरून जायची, मग चकती बदलणं बंद. काडीने माती उकरत बसायचो. पुढचा डिरेलर गेला, तो त्रासही गेला. माझ्यासाठी वाद इथेच संपतो. मागची कॅसेटही माखते, पण ती पाणी मारलं की मोकळी होते.

घाटवाट:
दूरचा पल्ला, चाकाचा घेर मी खरंच धरला नव्हता. चूक कबूल. २९ इंची चाकावर ३२-४२ हे सिंहगडासाठी जडच आहे. ३०-५१ धरलं तर एका फेऱ्यात १.३५ मीटर, म्हणजे तुमच्या २२-३४ च्या शेजारी येऊन बसतं. तेव्हा माझं वाक्य दुरुस्त करतो: पुढे एकच, पण दात ठरवताना सगळ्यात हलका गिअर दीड मीटरच्या खाली आला पाहिजे.

वरच्या टोकाचं मात्र मी सोडणार नाही. ४४-११ कोणाला लागतो? ३० पुढे आणि १० मागे, मिनिटाला ९० फेरे, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. रुंद टायरच्या सायकलवर सपाटीला इतका वेग किती वेळ टिकतो? उतारावर पायडल मारायचं थांबवावं, ब्रेकवर लक्ष द्यावं. सहा पटींचा पल्ला कागदावर मोठा दिसतो, त्यातला वरचा भाग वापराविना राहतो.

दूरचा पल्ला:
वरचं टोक तुम्हाला दिलं. पण मधलं बघा. पुढे ३६-२२ आणि मागे दहा चकत्यांची ११-३६ असलेल्या डबलवर १७ वरून १९ वर गेलं की फरक १२ टक्क्यांचा, १९ वरून २१ वर साडेदहाचा. तुमच्या १०-५१ वर १८ वरून थेट २१, म्हणजे जवळजवळ १७. टेकडीवर हे कळणारही नाही. पण महाडपासून वरंधा चढताना तास-दीड तास एकाच लयीत पाय फिरवायचे असतात. तिथे एक गिअर जड आणि पुढचा एकदम पोकळ लागला की लय जाते, आणि गेलेली लय चढावर परत मिळत नाही. ज्याचा घाट लांब, त्याला दोन चकत्या हव्यात. यावर मी ठाम आहे.

सातारकर४५:
सगळं वाचलं. माझी अडचण सांगतो. वय ४५, वजन ८२. यवतेश्वर चढून कासला जायची इच्छा आहे, आतापर्यंत दोनदा निम्म्यातून ढकलत गेलो. सायकल २७.५ इंची, पुढे ४२-३४-२४, मागे सात, १४-२८. नवी घ्यायची ऐपत यंदा नाही. आहे त्यात काही होईल का?

चेनतेल:
दादा, आधी एक बघा. मागच्या चकत्या हाताने उलट्या फिरवा आणि मधोमध हत्यार बसवायची जी खाच असते तिच्याकडे लक्ष ठेवा. खाच चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर राहिली तर फ्रीव्हील.

सातारकर४५:
फिरवून पाहिलं. खाच हलत नाही.

चेनतेल:
म्हणजे फ्रीव्हील. मग एका चकतीचा विचार सोडा. १४-३४ चं सात चकत्यांचं फ्रीव्हील मिळतं, ते लावा. २४-२८ वर तुमची सायकल एका फेऱ्यात १.८४ मीटर जाते, २४-३४ वर १.५२ जाईल. मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा भाग लांब असलेला) असेल तर तोच चालेल, चेन मात्र थोडी लांब घ्यावी लागेल. तोटा एकच: मागच्या चकत्यांत २४ वरून थेट ३४ वर उडी आहे, मध्ये काही नाही. चढ सुरू व्हायच्या आधीच पुढे लहान चकतीवर या.

घाटवाट:
माझा सल्ला वेगळा आहे. हे पैसेही बाजूला ठेवा, वर्षभर साठवा आणि एका चकतीची घ्या. मागे २४ नंतर ३४, ही उडी चढावर पायांना झेपत नाही, मी ते केलेलं आहे.

दूरचा पल्ला:
आणि वर्षभर त्यांनी ढकलत जायचं? कासला फुलं सप्टेंबरात असतात, घाटवाट.

सातारकर४५:
फ्रीव्हील आणि चेन आज सांगून आलो. दुकानदार म्हणाला गुरुवारी येईल. रविवारी पहाटे निघतो.