घानाच्या फुटबॉल लीगला 2018 मध्ये चॅम्पियनच नाही? हे कसं काय?

मंगळवारपेठकर

मंडळी एक शंका हाय. आमच्या तालमीकडनं यंदा घानाचा एक पोरगा खेळतोय, बॅकला, तारक्वा नावाच्या गावचा, तिथं म्हणं सोन्याच्या खाणी हायत. पोरगं लई शांत, पांढरा रस्सा पाण्यासारखा पितंय आणि तांबड्याला हात लावत न्हाय. परवा मॅच झाल्यावर कट्ट्यावर बसलतो तर त्यानं काच फुटलेला जुना मोबाइल काढला आणि एक स्क्रीनशॉट दाखवला. 2018 च्या लीगचं टेबल, अर्ध्या सीझनचं. तेव्हा हा तिथल्या ज्युनियर पोरांत खेळायचा, त्याच्या गावची टीम मेडियामा वरच्या घोळक्यात होती. मी म्हटलं मग पुढं काय झालं, कोण जिंकलं? तर बोटानं मान कापल्यासारखं करून म्हणतो, फिनिश. त्याचं इंग्लिश मला निम्मं कळतं आणि माझं त्याला अजिबात नाही, त्यामुळं गाडी तिथंच थांबली.

अर्ध्या सीझनला टाळं लावायचं म्हणजे काय? आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर भांडणं झाली की स्पर्धा चार दिवस बंद पडते, मग मिटवामिटवी हुते आणि पुन्हा चालू. पण देशाची टॉपची लीग? कुणाला डिटेल माहीत असेल तर सांगा.

शिट्टीवाला_काका

मी सांगतो, हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा, कारण शिव्या आमच्याच रेफ्री जमातीला पडलेल्या.

अनास अरेमेयाव अनास म्हणून घानाचा पत्रकार आहे, तोंडापुढं मण्यांच्या माळा सोडून फिरतो, चेहरा कधी दाखवत नाही. त्याच्या टीमनं छुपे कॅमेरे लावून रेफ्रींना पैसे देऊ केले आणि कोण कोण घेतंय ते शूट केलं. 6 जून 2018 ला घानाच्या राजधानीत, अक्रात, ते पडद्यावर दाखवलं, लोकांची ही झुंबड. एकामागनं एक रेफ्री पाकीट खिशात घालताना. केनियाचा एक लाइन्समन होता, रशियाच्या वर्ल्डकपला त्याची निवड झालेली, तो 600 डॉलर घेताना दिसला, म्हणजे त्यावेळचे साधारण 40 हजार रुपये, आणि वर्ल्डकप हुकला. आणि सगळ्यात वर क्वेसी न्यांटाकी, घाना फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष, फिफाच्या कौन्सिलवरचा माणूस, 65 हजार डॉलर घेताना. दुसऱ्याच दिवशी सरकारनं जाहीर केलं की असोसिएशन बरखास्त करणार, लीग जिथल्या तिथं थांबली. 16 टीम, 30 मॅचचा सीझन, तो अर्ध्यावरच राहिला. न्यांटाकीला फिफानं आजन्म बंदी घातली, पुढं अपिलात ती 15 वर्षांवर आली.

आता माझं मत. 40 हजारासाठी वर्ल्डकप घालवणाऱ्या माणसाची मला कीव येत नाही, पण त्याच्या घरी चूल कशी पेटते ते कुणी विचारलं का? आपल्याकडं भर उन्हात दीड तास पळायचं, ऑफसाइड दिला की गॅलरीतनं पाण्याच्या पिशव्या, मानधन हातात पडायला दोन महिने, आणि घरी आल्यावर बायको विचारते आज कुणी मारलं का. मी आजवर एक रुपया घेतला नाही आणि तरी अर्धी पेठ मला पैसेखाऊ म्हणते. घानात शिट्टी वाजवणारे सगळेच तसे होते असंही नसणार, पण एकदा लोकांनी पडद्यावर बघितलं की चांगल्याचीही शिट्टी कोण ऐकतंय.

गोलपोस्टच्या_मागं

काका रेफ्रीचं रडगाणं दर धाग्यावर 😄 पण माहिती बरोबर हाय.

माझं म्हणणं वेगळं. चोऱ्या रेफ्रींनी आणि साहेबांनी केल्या, शिक्षा कुणाला? खेळणाऱ्या पोरांना. मॅच नाही म्हणजे गेटवरचा तिकिटाचा पैसा नाही, तो नाही म्हणजे क्लब पगार कुठनं देणार, आणि फुटबॉलरची उमेदीची वर्षं असतात किती मोजून दहा. फिफानं सप्टेंबरात कोफी अमोआ नावाच्या उद्योगपतीच्या हाताखाली कमिटी नेमली, तिनं 2019 ला एक स्पेशल स्पर्धा घेतली, असांते कोटोको फायनलला करेलाला पेनल्टीवर हरवून जिंकले, पण ती लीग म्हणून धरलीच नाही. खरी लीग डिसेंबर 2019 च्या शेवटाला सुरू झाली आणि मार्चमध्ये करोना! ती पण रद्द. म्हणजे 2017 ला अडुआना स्टार्स जिंकले त्यानंतर चॅम्पियन मिळाला तो थेट 2021 ला, हार्ट्स ऑफ ओक. तो पोरगा स्क्रीनशॉट जपून ठेवणार नाही तर काय करंल.

रंकाळ्याची_सई

@गोलपोस्टच्या_मागं अर्धं पटलं. पण बंद केली नसती तर? पुढच्या रविवारी तेच रेफ्री मैदानात आले असते आणि पेनल्टी दिली की गॅलरी पेटली असती. अक्रात 9 मे 2001 ला हार्ट्स आणि कोटोकोची मॅच होती, म्हणजे आपल्याकडच्या दोन पेठांच्या मॅचसारखंच समजा, फक्त देशभर. हार्ट्सनं शेवटी शेवटी दोन गोल मारून मॅच फिरवली, कोटोकोच्या लोकांनी खुर्च्या मोडून फेकल्या, पोलिसांनी गॅलरीतच अश्रुधूर सोडला, लोक दारांकडं पळाले आणि दारं बंद. 126 माणसं गेली. ज्या देशानं हे बघितलंय त्यानं लीग थांबवली तर मी तरी नावं ठेवणार नाही. आणि आमच्या आईनं माझ्या भावाला दोन वर्षं स्टेडियमवर जाऊ दिलं नव्हतं ते एका साध्या दगडफेकीवरनं, त्यात तर कुणाला खरचटलंही नव्हतं.

बाकी @मंगळवारपेठकर, त्या पोराला सांगा की त्याची टीम 2022-23 ला पहिल्यांदा लीग जिंकली. त्याला माहीत असणारच म्हणा. आणि पुढच्या वर्षी आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगमध्ये ग्रुपपर्यंत गेली, कैरोच्या अल अहलीच्या ग्रुपमध्ये.

शिट्टीवाला_काका

आणि मेडियामानंतरची गंमत बघा. 2023-24 ला सामार्टेक्स, 2024-25 ला बिबियानी गोल्ड स्टार्स. तिघंही पहिल्यांदाच, आणि तिघंही पश्चिमेकडचे, एक लाकडाच्या कंपनीचं गाव आणि दोन सोन्याच्या खाणीची. कोटोकोकडं 24 टायटल, हार्ट्सचं नाव पार जगभर, आणि कप नेतायत खाणीवाले! आपल्याकडं एखाद्या कारखान्याच्या टीमनं तीन वर्षं पेठांना कप बघू दिला नाही तर काय हुईल, विचार करा.

गोलपोस्टच्या_मागं

काका, तर तुमच्यावर पाण्याच्या पिशव्या न्हाईत, टँकर येईल.

मंगळवारपेठकर

लई आभार सगळ्यांचे. आज प्रॅक्टिसनंतर त्याला सगळं वाचून दाखवलं, म्हणजे भाच्यानं इंग्लिश करून सांगितलं. 2023 चं नाव काढल्याबरोबर गडी उठून नाचायला लागला, त्या रात्री हा घरी नव्हता, दुसऱ्याच कुठल्या गावात खेळालता आणि आईनं फोन गर्दीत धरून नुसता आवाज ऐकवला म्हणं. मग मी म्हटलं आता तो जुना स्क्रीनशॉट डिलीट कर की, तर मोबाइल खिशात घातला आणि मान हलवली, नको.

सई ताई, 126 चा आकडा सांगितला तेव्हा मात्र काही बोलला न्हाय. जरा वेळानं एवढंच म्हणाला, त्याचा मामा कोटोकोचा फॅन होता, त्या दिवसानंतर मैदानावर कधी गेला न्हाय.

रविवारी आमची मॅच हाय, चारला. काका, शिट्टी तुमची नसली म्हणजे मिळवलं.